वरचा विस्तव, खालचा विस्तव

सकाळचे साडेसात वाजलेत. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या मासळी बाजारात ओटे धुणं चाललंय. थर्माकोलच्या खोक्यांची झाकणं निघतायत. आत बर्फाचा चुरा आणि त्या चुऱ्यातून वर आलेल्या लांबच लांब मिशा. जानेवारीचा रविवार, थंडी कडक. पण मावशींचे हात कोपरापर्यंत बर्फात आहेत. येताना वाटेत मटणाच्या दोन दुकानांपुढे रांगा लागलेल्या पाहिल्या. या गावचा रविवार मटणाचा. २०१९ मध्ये मटणाचा दर चढला तेव्हा इथे कृती समिती उभी राहिली, बैठका झाल्या. अशा गावात रविवारी कोळंबी घ्यायला आले की आजही मावशी आधी माझ्याकडे नीट बघून घेतात.

“टायगर हाय वैनी. रत्नागिरीची. रातच्याला आंबा घाट चढून आलीया.”

“आणि ही?”

“ती व्हेनामी. तळ्यातली. स्वस्त पडंल.”

बाई खरं बोलतात, म्हणून मी त्यांच्याकडेच येते. व्हेनामी मूळची प्रशांत महासागराच्या पलीकडच्या, लॅटिन अमेरिकेच्या किनाऱ्याची. आपल्या देशात तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच तिने देशभरचे बाजार व्यापले. रोजच्या कालवणाला ती चांगली आहे. पण आज भरायची आहे. भरायला अंगापिंडाने मोठी, जाड पाठीची, काळ्या पट्ट्यांची टायगरच हवी. मी एक उचलून बघते. डोकं धडाला घट्ट आहे, मानेशी काळे डाग नाहीत, वास समुद्राचा आहे; नाकात चढणारा उग्र दर्प नाही. किलोला बावीस भरतात. शिवाय भरणात घालायला म्हणून छोटी कोळंबी वाटाभर.

माझं माहेर रत्नागिरीजवळ. तिथे मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळी घरी येईपर्यंत तास लागत नसे. इथे तिला सव्वाशे किलोमीटर आणि एक घाट ओलांडून यावं लागतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तर ओट्यांवर रंकाळ्याची नाहीतर नदीची मासळी. त्यामुळे या शहरात कोळंबी वाया घालवणं मला खरोखर जड जातं. आणि अकरा वर्षं मी या घरात ती वाया जाताना पाहिली आहे. तिच्यावर प्रेम नाही असं मुळीच नाही. तिला मटणासारखं शिजवतात, एवढंच.

मंगळवार पेठेतलं घर. स्वयंपाकघरात ऊन ओट्याच्या टोकापर्यंत आलंय. तिथेच ओव्हन आहे, २८ लिटरचा, जाऊबाईंनी केक शिकायला घेतलेला. सासूबाई टेबलापाशी कोथिंबीर निवडतायत आणि माझ्या परातीकडे बघतायत.

“काय करालीस गं एवढी चिरफाड?”

“भरणार आहे, आई. भरल्या वांग्यासारखी.”

“वांगं ठीक हाय. त्याला पोट असतं. हिला कुठं पोट?”

रास्त प्रश्न आहे. कोळंबी भरायची म्हणजे तिला आधी जागा करून द्यावी लागते. मी डोकी काढून पातेल्यात टाकते. ती फेकायची नाहीत. कवच सोलते, शेपटीकडचं शेवटचं पेर आणि शेपूट तेवढं ठेवते. मग पाठीवरून सुरीने खोल चीर, इतकी की पोटाकडे कातडीएवढा पापुद्रा उरावा. सुरीच्या टोकाने काळा दोरा उचलला की तो अख्खा निघून येतो. आता ती उलटी करून पोटाकडून तीन बारीक आडव्या खाचा. या खाचा विसरलं की कोळंबी आचेवर वळते आणि भरण उलटून ताटलीत सांडतं. शेवटी तळहाताने हलकेच दाबते. ती पसरते, शेपूट वर उभं राहतं.

“होडी!” लेक ओरडते. नऊ वर्षांची आहे. तिला स्टुलावर उभं राहून बघायचंय.

मीठ, हळद आणि आगळ. हा आगळ माहेरचा, कोकमाचा, खारवलेला, जांभळट लाल. तो लावून दहा मिनिटंच ठेवायची. आंबट जास्त वेळ राहिलं तर मांस विस्तवाआधीच पांढरं पडायला लागतं.

भरणात मात्र सगळं कोल्हापूर आहे. लोखंडी तव्यात तेल, बारीक चिरलेला कांदा, ठेचलेला लसूण, आलं. कांदा गुलाबी होईतो मी दुसरं काही टाकत नाही. भरलेल्या कोळंबीत चूक होते ती इथेच. कच्च्या कांद्याचं भरण घातलं तर ते शिजायला वीस मिनिटं लागतात आणि कोळंबीला लागतात आठ. मग कोण कोणासाठी थांबणार? भरण कच्चं राहतं, नाहीतर कोळंबीचं रबर होतं. म्हणून भरण आधी पूर्ण शिजवायचं. ओव्हनमध्ये त्याने फक्त गरम व्हायचं आणि वरून खमंग व्हायचं.

छोटी कोळंबी चिरून तव्यात जाते. तिच्यामागून सासूबाई उठतात आणि बरणी स्वतः काढतात. आमच्या घरी चटणी त्यांच्याच हातची. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या गडहिंग्लजकडून येतात, वाळवायच्या, भाजायच्या, कांदा-लसणासकट डंकावर कुटून आणायच्या, वर्षभराची बेगमी. बरणीचं झाकण उघडताच लेक शिंकते.

“दीड चमचा घाल.”

“एक घालते, आई. कोळंबी गोडसर असते.”

“एकानं काय हुतंय?” पण त्या हात आखडता घेतात.

संक्रांतीचे उरलेले तीळ आणि खोबऱ्याचा भाजलेला कीस मी वरून टाकते. आता भरण ओलसर आहे; त्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, न्यू इंग्लंडमध्ये, भरलेली कोळंबी हॉटेलांतला जुना, मानाचा पदार्थ आहे. तिथे लोण्याच्या चवीची खारट बिस्किटं चुरून लोण्यात भिजवतात आणि कोळंबीवर रचतात. ती बिस्किटं शोधत मी फिरत बसले नाही. पेठेतल्या बेकरीत बटर मिळतात, चहात बुडवून खायचे, जिऱ्याचे, हाताने दाबले की भुगा होणारे. तेच पाच-सहा खलबत्त्यात चुरते. जिऱ्याचा वास भरणाला असा काही बसतो की दुसरा चुरा मला आता नकोच वाटतो. एक अंडं फोडून घालते, कोथिंबीर घालते, मुठीत दाबून बघते. गोळा टिकतो.

आत भरायची ही कल्पना आपल्या किनाऱ्याला नवी नाही. गोव्यात रेशाद म्हणतात तो लाल मसाला बांगड्याच्या पोटात भरतात. शब्द पोर्तुगीज आहे, त्याचा अर्थच ‘भरलेलं’. पदार्थाचं नाव मसाल्याला चिकटलं आणि तसंच राहिलं. सासूबाईंच्या बरणीतली मिरचीही त्याच पोर्तुगीज दर्यावर्द्यांच्या जहाजांतून या देशात आली. हे मी त्यांना सांगते, तेव्हा त्या बरणीकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघतात. “आणि त्याआधी काय खात हुती माणसं?” मिरी, सुंठ, मी सांगते. त्यांना ते पटत नाही.

ओव्हन तापत ठेवलाय. दोनशे अंश, दोन्ही दांड्या चालू. काचेतून वरची दांडी लाल होताना दिसते, मग खालची. या दोन लाल रेघा बघितल्या की मला माहेरच्या शेजारघरची चूल आठवते. ते कुटुंब सीकेपी. त्यांच्याकडे कोबी-कोळंबीचं भानोलं व्हायचं. पितळी पातेलं मंद विस्तवावर, वर सपाट झाकण आणि झाकणावर निखारे. काकू मधूनच चिमट्याने एखादा निखारा कडेला सरकवायच्या. वरचा विस्तव, खालचा विस्तव, मध्ये पदार्थ. ओव्हन घरात आला तेव्हा सगळे त्याला केकचं यंत्र म्हणत होते. मला मात्र तो पहिल्या दिवसापासून काकूंचं झाकण वाटतो.

होड्या भरून झाल्या. प्रत्येकीवर भरणाची लहानशी टेकडी, वर तुपाचे थेंब. पहिल्या खेपेला अकरा. ट्रे मधल्या खाचेत सरकवते, दार लावते, गजर लावते.

“किती येळ?” सासूबाई.

“आठ मिनिटं.”

“आठ मिंटात काय शिजतंय? मटणाला दीड तास लागतोय.”

मटणात चिवट पांढरे धागे असतात. ते सावकाश आचेवर तासभर राहिले की विरघळतात, रस्सा दाट होतो, तुकडा हाडावरून सुटतो. म्हणून मटण जितकं शिजेल तितकं मऊ. कोळंबीच्या अंगात असले धागे फार थोडे. तिचं मांस आच लागताच आवळतं आणि एकदा घट्ट झालं की पुढच्या प्रत्येक मिनिटाला त्यातलं पाणी पिळून निघत राहतं. मी हे सांगते तोवर लेक काचेला नाक लावून उभी आहे.

“मम्मी, लाल व्हायलीय! कोण रंग टाकलं?”

“कुणी नाही. रंग तिच्यात आधीपासूनच होता.”

खरंच होता. कोळंबीच्या कवचातलं नारिंगी द्रव्य एका प्रथिनाच्या मिठीत असतं, म्हणून जिवंतपणी ती करडी-निळसर दिसते. उष्णतेने ते प्रथिन उलगडतं आणि रंग मोकळा होतो. शेपट्या आधी पेटल्यासारख्या झाल्यात. भरणाच्या कडा तपकिरी होतायत, तीळ तडतडल्याचा बारीक आवाज काचेमागून येतोय.

पाचवं मिनिट. टक्.

ओव्हनमधला दिवा गेला. फ्रिज गप्प झाला. वरच्या मजल्यावरून दिरांचा आवाज, “वैनी, लाइट गेली काय?” त्यांनी गीझर लावलाय, ओव्हन, गीझर आणि पाण्याची मोटर एकदम चालू झाली आणि खटका पडला.

“आता गं? काढ, तव्यावर टाक,” सासूबाई उठल्याच.

“नको, आई. दार उघडू नका.”

माझा हात दारावर आहे, उघडायला नव्हे, धरून ठेवायला. आत अंधार आहे पण पत्रा तापलेला आहे, ट्रे तापलेला आहे, कोंडलेली हवा तापलेली आहे. काकूसुद्धा शेवटी निखारे काढून भानोलं तसंच झाकून ठेवत. दिरांना मी खालूनच सांगते, खटका लगेच वर करू नका, आधी गीझर बंद करा. लेक मोबाइलवर सेकंद मोजतेय. सासूबाई काही बोलत नाहीत, पण कोथिंबिरीच्या काड्या मोडण्याचा वेग वाढलाय. सहा. सात. आठ. मी आणखी एक मिनिट देते, आच उतरलीय म्हणून.

लाइट येते. दार उघडते. वाफ, तूप, भाजलेलं जिरं, आणि खालून समुद्र.

होड्या उलटलेल्या नाहीत. कडेला पसरलेलं मांस, जे सकाळी काचेसारखं करडं होतं, ते आता शुभ्र आहे आणि आरपार दिसत नाही. सुरीचं टोक जाड भागात घालून बघते. आतही पांढरं, ओलं. झालं. अजून एक मिनिट ठेवलं असतं तर चाललं असतं; दोन ठेवली असती तर नाही. वरच्या बाजूने भरण थोडं फिकं राहिलंय, तेवढी लाइट नडली. चवीत फरक पडेल असं नाही, पण मला ते तपकिरी हवं होतं.

शेगडीवर डोक्यांचा रस्सा उकळतोय. डोकी तेलात परतून, दाबून, पाणी घालून उकळली आणि गाळून घेतली. त्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि त्याच बरणीतली चटणी. इथे मी दीड चमचा टाकलीय, न विचारता. तवंग मटणाच्या तांबड्या रश्श्यासारखाच आला आहे. शेजारी जाऊबाई भाकरी थापतायत. त्यांचा थप-थप आवाज स्वयंपाकघराला लय देतो.

सासरे ताटावर बसलेत. त्यांनी एक होडी शेपटीला धरून उचलली, फिरवून बघितली आणि अर्धी तोंडात घातली. चावतायत. त्यांचं चावणं नेहमीपेक्षा लवकर संपतं. ते काही म्हणत नाहीत. दुसरी उचलतात आणि भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवतात.

सासूबाई उभ्यानेच खातात. आधी भरण चाखतात. “तिखट कमी हाय.” मग कोळंबी. जरा थांबतात, दाताखाली परत बघतात.

“आत मऊ हाय गं.”

“हो.”

“मी असली कधी खाल्लो न्हाई. आमच्यात कोळंबी म्हंजे चावत बसायची.” त्या ट्रेकडे बघतात. “धाकट्याला दोन ठेव. त्येच्या गीझरनं नुकसान केलं म्हणून उपाशी ठिऊ नको.”

दुसऱ्या खेपेच्या अकरा होड्या तयार आहेत. दोन्ही दांड्या पुन्हा लाल झाल्यात. गीझर बंद, मोटर बंद. खात्री करून घेतलीय. ट्रे सरकवते आणि लेकीच्या हातात मोबाइल देते. ती स्टुलावर चढते, एक हात ओव्हनच्या दाराच्या मुठीजवळ.

“मम्मी, आठ झाली की मी उघडतो हं.”

“फडकं घे हातात.”

“घेतलोय.”

काचेमागे पहिली शेपटी रंग धरायला लागलीय.