बंब बोलू लागला म्हणजे



व्याख्यानमालेत तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय येतात. त्यांच्या पंक्तीला न्हाणीघरातील गिझरचे पान मांडले, तर कोणाला ते विजोड वाटेल. परंतु हे यंत्र आज असंख्य घरांत डोक्याच्या वर टांगलेले असते आणि त्यात पाणी, उष्णता व दाब ही तिन्ही एका बंद भांड्यात कोंडलेली असतात. ते कुरकुरू लागले की कोणी घाबरतो, तर कोणी 'जुने झाले, आवाज करायचेच' म्हणून दुर्लक्ष करतो. दोन्हींच्या मुळाशी अज्ञानच आहे. कोणता आवाज निरुपद्रवी, कोणता खर्चात टाकणारा आणि कोणता जिवावर बेतणारा, हे ओळखता यावे, एवढाच या विवेचनाचा हेतू.

प्रथम स्वयंपाकघरात जाऊ. आधण ठेवले की काही वेळाने पातेले 'सूं' असा सूर धरते. तो वाढत जातो आणि पाणी खळखळा उकळू लागले की उलट मवाळ होतो. असे का व्हावे? तळाचे पाणी आधी तापते व तेथे वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते वर निघाले की वाटेत त्यांना थंड पाणी भेटते. वाफेचे तत्क्षणी पाणी होते, बुडबुड्याची पोकळी मिटते आणि भोवतालचे पाणी तीत आदळते. अशा असंख्य बारीक टाळ्यांचा मिळून तो सूर होतो. सर्व पाणी सारखे तापले म्हणजे बुडबुडे न मिटता पृष्ठभागी पोहोचतात आणि टाळ्या थांबतात. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मिटणाऱ्या पोकळीचे गणित मांडले. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी केलेले किटलीच्या आवाजाचे वर्णन वाचताना हा प्रश्न आपणास सुचला, असे त्यांनी त्या निबंधाच्या आरंभीच सांगितले आहे. आगबोटींच्या पंख्यांची पाती पाण्यात का झिजतात, हे समजण्यासही तेच गणित उपयोगी पडले.

आता कोणी विचारील, गिझरमधील पाणी तर साठ-पासष्ट अंशांपलीकडे जात नाही, मग तेथे वाफ कोठून आली? याचे उत्तर पाण्यात विरघळलेल्या दगडात आहे. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायॉक्साइड घेऊन जमिनीत मुरते आणि कातळातील कॅल्शियम व मॅग्नेशियम आपल्याबरोबर आणते. पुष्कळ विहिरींच्या व बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, त्याचे कारण हेच. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. ते तापले की विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट मोडते, कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जवळजवळ खडूच, मागे राहतो. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. या खडूचे नेमके उलटे आहे. म्हणून जेथे पाणी सर्वांत गरम, तेथेच, म्हणजे कॉइलवर, तो बसतो.

त्याचे मान किती? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा इष्ट, आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आपण ३०० धरू. घरात रोज १०० लिटर पाणी तापत असेल, तर त्यातून रोज ३० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे ११ किलो क्षार गिझरमधून जातो. बहुतेक पाण्याबरोबर निघून जातो हे खरे; पण शंभरातला एक भाग जरी आत राहिला, तरी वर्षाकाठी शंभरावर ग्रॅमची खपली जमली!

ही खपली सच्छिद्र आणि उष्णतेला अडविणारी असते. तिच्या छिद्रांत व तिच्याखाली अडकलेले थोडेसे पाणी कॉइलच्या थेट आचेत सापडते आणि त्याची वाफ होते. ओला कढीपत्ता फोडणीत पडला की जी तडतड होते, तशीच ती वाफ खपली फोडून बाहेर येते आणि भोवतालच्या कमी तापलेल्या पाण्यात मिटते. कडकड, फटफट, गुरगुर हे सारे आवाज त्याचेच. हा आवाज संकटाचा नव्हे, पण खर्चाचा खचित आहे. विजेच्या कॉइलची उष्णता अखेर पाण्यातच जाते, त्यामुळे वीज फारशी वाया जात नाही. पण कॉइल स्वतः भलतीच तापते आणि लवकर जळते.

दुसरे आवाज थोडक्यात सांगतो. सुरू करताना वा बंद केल्यावर होणारी टकटक ही धातू प्रसरण-आकुंचन पावल्याची. तिची काळजी नको. नळ झटकन बंद केला की भिंतीत धाडकन होते, तो दोष गिझरचा नव्हे. वाहते पाणी एकाएकी अडले की त्याचा वेग दाबाच्या रूपाने नळीवर आदळतो. रशियन शास्त्रज्ञ झुकॉव्हस्की यांनी १८९८ साली याचा नियम प्रसिद्ध केला. नळ सावकाश फिरवावा आणि सैल नळ्या भिंतीला घट्ट आवळून घ्याव्यात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपला जुना तांब्याचा बंब आणि हा गिझर यांत मोठा भेद आहे. बंबाचे झाकण सैल असे. पाणी उकळले तर वाफ खुशाल बाहेर जाई. गिझर बंद आहे. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेले, तर ते सुमारे २०० मिलिलिटर फुगते. मागे जाण्याची वाट एकमार्गी झडपेने बंद असेल, तर हे वाढलेले पाणी सुरक्षा-झडपेतून थेंबथेंब बाहेर पडते. तापताना होणारी ही टपटप म्हणजे गिझरचा श्वास होय. परंतु भिंत ओली होते म्हणून पुष्कळजण तेथे बूच ठोकून मोकळे होतात! हे करू नये, कदापि करू नये. बूच बसलेले असताना थर्मोस्टॅट बिघडला, तर पाणी १०० अंशांपुढेही तापत राहते आणि दाबामुळे पाणीच राहते. टाकी फाटली की दाब एकदम जातो आणि त्यातील काही पाण्याची त्याच क्षणी वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १६०० लिटर जागा मागते. टाकीचा स्फोट होतो तो असा.

म्हणून गिझरमधून सतत खळखळ येऊ लागली, गरम नळातून वाफ फुसफुसू लागली, किंवा झडप जोराने शिटी देऊ लागली, तर ती तडतड नव्हे, ती हाक आहे. न्हाणीघराबाहेरच्या मुख्य स्विचवरून वीज तोडावी, सर्वांना बाहेर काढावे, आणि गिझर पुरता निवल्यावर जाणत्या मेकॅनिकलाच हात लावू द्यावा. झडप एरवीही सतत गळत असेल, तर ती बदलावी, कोंडू नये.

खपलीचा उपाय सोपा आहे. पाणी जड असेल तर वर्षातून एकदा वीज तोडून, टाकी रिकामी करून कॉइल काढून घ्यावी आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवावी. फेस येईल, तो कोंडलेला कार्बन डायॉक्साइडच. हातोडीने खपली झाडू नये. टाकीच्या आतील काचेचा मुलामा तडकतो. त्याच वेळी मॅग्नेशियमची कांडी व सुरक्षा-झडप तपासून घ्यावी. थर्मोस्टॅट ५५-६० अंशांवर ठेवल्यास खपलीही सावकाश धरते.

शेवटी एक इशारा. सर्वच संकटे आवाज करीत नाहीत. गॅसचा गिझर कोंदट न्हाणीघरात चालविला, तर कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय आणि आवाजाशिवाय माणसाचा घात करतो. तेथे मोकळी हवा हवीच. विजेच्या गिझरला चांगले अर्थिंग हवे, तेही याचसाठी. बोलणाऱ्या यंत्राचे बोलणे समजून घ्यावे, आणि न बोलणाऱ्या धोक्याचा बंदोबस्त आधीच करून ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे.