ओळ संपली, कमान संपलेली नाही

वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभात लांब शब्द मावला नाही, की तो तोडून शेवटी छोटी आडवी रेघ देतात. ‘शब्द अजून संपलेला नाही, पुढच्या ओळीवर या’, एवढाच तिचा अर्थ. पाश्चात्त्य संगीताच्या छपाईतही अशीच अडचण येते. फक्त तिथे तोडायची असते ती एक कमान.

पंडित भातखंडे यांच्या स्वरलिपीत मींड दाखवायला स्वरांच्या डोक्यावर कमान काढतात, हे संगीताच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीतही अशी कमान असते. तिला ‘स्लर’ म्हणतात. तिने जोडलेले स्वर व्हायोलिनवादकाने एका गजात वाजवायचे, बासरीवादकाने एका फुंकीत.

आता समजा, कमान चालू असतानाच ओळ संपली. पूर्वी धातूच्या पत्र्यावर स्वरलिपी कोरणारे कारागीर अशी कमान नजरेच्या अंदाजाने तोडत. आज ते काम संगणक करतो. कोणते स्वर कोणत्या ओळीत बसणार, हे तो आधी ठरवतो आणि मग कमानीचे दोन तुकडे करतो. पहिला तुकडा शेवटच्या स्वराच्या पुढे, ओळीच्या कडेपर्यंत जातो. दुसरा तुकडा ओळीच्या आरंभीची पट्टी सांगणारी चिन्हे ओलांडून, पण पहिल्या स्वराच्या जरा आधी सुरू होतो. हे ‘जरा’ फार मोलाचे आहे. तुकडा नेमका स्वरावर येऊन टेकला, तर वादकाला वाटते, स्वरवाक्य संपले. तो गजाची दिशा बदलतो आणि सुरावट भलत्याच जागी तुटते.

पण तुटलेल्या टोकाखाली स्वरच नाही, मग त्याची उंची कशी ठरवायची? नेदरलँड्समध्ये १९९६ साली सुरू झालेली ‘लिलिपाँड’ ही मोफत संगणकप्रणाली यासाठी परीक्षकाची रीत वापरते. ती एकाच कमानीचे अनेक आकार मनाशी मांडते. कमान फार तिरकी झाली, स्वराला भिडली किंवा एखाद्या चिन्हाला छेदून गेली, की दंडाचे गुण चढतात. ज्या आकाराला सर्वांत कमी दंड, तो कागदावर उतरतो.

तरीही दोन तुकडे कधी कधी एका कमानीचे वाटत नाहीत. म्हणून प्रत्येक तुकड्याला वेगळा आकार देण्याची सोय त्या प्रणालीत ठेवलेली आहे. शेवटचा हात माणसाचाच. तो नीट फिरला, तर ओळ कुठे बदलली हे श्रोत्याला कळतही नाही.