सज्जनांचं मौन

परवा लेकीनं ‘द वेस्ट विंग’ या अमेरिकन राजकीय मालिकेचा १९९९मधला पहिला भाग दाखवला. त्यात रेव्हरंड अल काल्डवेल नावाचे सनातनी विचारांचे धर्मोपदेशक आहेत. माणूस सौम्य, समेट घडवू पाहणारा. पण राष्ट्राध्यक्षांची बारा वर्षांची नात गर्भपाताच्या हक्काच्या बाजूनं बोलते, तेव्हा धर्माच्या नावावर कुणी कट्टर मंडळी तिला गळ्यात सुरा खुपसलेली बाहुली पाठवतात. राष्ट्राध्यक्ष झालेले मार्टिन शीन काल्डवेलना बजावतात, आधी त्या लोकांचा जाहीर निषेध करा. तोवर इथं येऊ नका.

मी चपापलेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या बचत गटातली एक विधवा सखी आली होती. “हिला कशाला बोलावलं?” कुणीतरी पुटपुटलं. बोलावलं मीच होतं. तरी तिळगूळ वाटत गप्प राहिले. नंतर तिच्या घरी जाऊन हळूच “मनावर घेऊ नकोस गं” म्हणून आले.

सुरा काल्डवेलनी खुपसला नव्हता, टोमणा मीही मारला नव्हता. पण आपल्या माणसांना चारचौघांत अडवणं आपलंच काम ना? येत्या संक्रांतीला तिच्या हाती पहिलं वाण देणार आहे, सगळ्यांसमोर.