दुसऱ्याच्या कथेत लिहिणाऱ्याला काय सांगावे?

आवडत्या कथेतली पात्रे घ्यायची आणि त्यांची पुढची किंवा न सांगितलेली गोष्ट आपण लिहायची, याला आज ‘फॅनफिक्शन’ म्हणतात. नाव परके असले तरी उद्योग आपल्याकडे जुनाच आहे. फुलंब्री ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या पैठणला एकनाथांनी रामकथा आपल्या ओवीत नव्याने मांडली. ‘भावार्थ रामायणा’चे युद्धकांड अपुरे असतानाच त्यांनी देह ठेवला आणि उरलेला भाग त्यांचे शिष्य गावबा यांनी पुरा केला, असे परंपरा सांगते.

याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत तयार केली. तिथे मात्र, यात कोणी स्वतःची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, अशा अर्थाची ताकीद दिली. यात विसंगती नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतीत वाचक ज्ञानदेवांचे शब्द शोधतो. ‘भावार्थ रामायणा’त नाथांचे. अभिप्राय देणाऱ्याने आधी हा फरक ओळखायला हवा.

तो न ओळखल्यामुळेच ‘मुळात असे नाही’ हा शेरा इतका स्वस्त झाला आहे. महाभारतात देवयानीशी शापांची देवाणघेवाण झाल्यावर कच कथेतून जवळजवळ निघूनच जातो. वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’त (१९५९) त्याला परत आणले आणि भोगात बुडालेल्या राजासमोर एक संयमी पुरुष उभा केला. त्याला आणले हा दोष नव्हे. त्याच्या येण्याने ययाती अधिक कळतो की कथेत प्रवचन शिरते, हे पाहायचे. (काही पानांवर प्रवचन शिरते, असे माझे मत आहे.)

समजा, फुलंब्रीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीने कथा लिहिली: दुर्योधन तान्हा असताना गांधारी एका रात्री डोळ्यांवरची पट्टी सोडून त्याला पाहते. ‘छान, लिहीत राहा’ म्हटले तर तिच्या हाती काही लागत नाही. ‘व्यासांनी असे लिहिलेले नाही’ म्हटले, तर ती पुढची कथा कोणाला दाखवणार नाही. कदाचित लिहिणारही नाही. नवख्या लेखकाची वही अशीच बंद होते.

त्याऐवजी नेमके बोट ठेवावे. पट्टीची गाठ सुटत नाही म्हणून ती दात लावते, तिथे मी थांबलो. पण बाळ दिसल्यावर तिला काय वाटले हे तुम्ही तीन वाक्यांत समजावून सांगितलेत, तिथे ती माझ्या हातून निसटली. दालनात दासी असणार, त्या कुठे गेल्या? आणि आपल्याला ठाऊक असलेले काही असेल, तर ते चूक दाखवण्यासाठी नव्हे, वापरायला द्यावे. स्त्रीपर्वात शोकाने आणि संतापाने पेटलेल्या गांधारीची नजर पट्टीच्या आडून युधिष्ठिराच्या पायाच्या नखांवर पडते आणि ती नखे विद्रूप होतात. म्हणजे त्या पट्टीला व्यासांनीच एक फट ठेवली आहे. एवढे सांगून तिला विचारावे: तुमच्या कथेतल्या त्या रात्रीनंतर ती पट्टी पूर्वीइतकीच घट्ट बांधली गेली का?