प्रार्थना आणि पंगत

राष्ट्र आत्म्याने नवे व्हावे म्हणून ख्रिस्ती मंडळी प्रार्थना करतात, तेव्हा प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याला, एवढे महत्त्व का? बोहेमियात, आजच्या चेक देशात, १४१४ पासून हाच तंट्याचा विषय होता. भाकर सर्वांना मिळे. प्याला मात्र फक्त धर्मगुरूला. ‘प्याला सर्वांना’ ही तेथे राष्ट्राची मागणी ठरली. पंगतभेद पाहिलेल्या आपल्या समाजाला त्यातली कळ सांगायला नको.

१६२० च्या पराभवानंतर या लोकांचा छळ झाला. स्वजनांच्या हाती पुन्हा स्वतःचा कारभार येईल, ही आशा परागंदा बिशप कोमेनियसने १६५० साली देवापाशी मांडली. १७२२ साली मोराव्हियातून निसटलेल्या काही कुटुंबांनी सॅक्सनीत हर्नहुट वसवले. पहिले झाड तोडणारा ख्रिस्तियन डेव्हिड सुतार होता. पण जीव वाचवून आलेले हे कारागीर पाच वर्षांत आपसांतच भांडू लागले. युनियनच्या कचेरीत तीस वर्षे काढलेल्या आम्हांस याचे नवल वाटत नाही!

१२ मे १७२७ ला त्यांनी नियम मान्य केले. मने मात्र जुळली ती १३ ऑगस्टला, बेर्टेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये एकत्र प्रभुभोजन घेताना, अशी त्यांची स्वतःचीच साक्ष आहे. दोन आठवड्यांनी चोवीस पुरुष व चोवीस स्त्रियांनी तासातासाची पाळी लावून घेतली. ‘पाळी’ हा कारखान्याचा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. ती अखंड प्रार्थना शंभर वर्षांहून अधिक चालली. १७३२ साली त्यांच्यातला एक कुंभार आणि एक सुतार सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांकडे निघाले.