दुखणं थांबायची वाट न बघता...

"आई, मी खोटं बोलत नाहीये गं!" असं म्हणून माझी तेरा वर्षांची लेक हमसून हमसून रडली आणि माझ्या काळजात चर्र झालं. खो-खो खेळताना तिचा घोटा मुरगळला, त्याला पाच महिने होऊन गेले होते. एक्स-रे, रक्ततपासणी सगळं 'नॉर्मल'. दुखणं मात्र जाईना. शाळा बंद, झोप उडालेली. कुणी म्हणालं, "शाळा बुडवायची नाटकं!" कुणी म्हणालं, "दृष्ट काढा." तीही काढून झाली.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो ना? नसांचंही कधी तसंच होतं. इजा बरी होते, पण नसा नि मेंदू सावधच राहतात. साध्या हालचालीलाही धोका समजतात. दुखणं खरंच असतं, रिपोर्टात दिसत नाही इतकंच."

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं जुनाट समजतात. मुलांच्या अशा दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नुसत्या गोळ्या नाहीत. व्यायाम, मनाचे उपचार आणि गरजेपुरती औषधं, अशी सांगड आहे.

मी विचारलं, "दुखायचं थांबलं की शाळेत पाठवू ना?"

"उलट करा," त्या म्हणाल्या. "आधी शाळा, खेळ, झोप सुरू करा. दुखणं मागाहून कमी होतं."

फिजिओथेरपीच्या ताईंनी हिशेब घालून दिला. पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या विजेच्या दोन खांबांपर्यंत चालायचं. बरं वाटलं म्हणून चार नाही, दुखलं म्हणून शून्य नाही. आपलं सोलापूरचं ऊन, म्हणून सकाळी लवकर. वर्गशिक्षिकेशी बोलून शाळा आधी दोनच तास. रात्री ठरल्या वेळी दिवा बंद. कळ आली की सावकाश लांब श्वास.

सगळ्यात अवघड धडा मात्र मलाच होता. "दुखतंय का गं?" हे सारखं विचारायचं नाही! त्याऐवजी, "आज मैत्रिणी काय म्हणाल्या?" कधी कधी ती पुन्हा अंथरूण धरायची. मग दुसऱ्या दिवशी परत दोन खांब.

यंदा संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर ती मैत्रिणींबरोबर फिरली. दोनदा बसली, पुन्हा उठली. दुखलं का? थोडं दुखलं. घरी येऊन शेंगाचटणी-भाकरी खाल्ली आणि गाढ झोपली.

मैत्रिणींनो, सांधा सुजणं, सकाळी आखडणं, ताप, वजन घटणं, दुखण्यानं रात्री जाग येणं यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला शाळेत येतं, त्यांनाही सांगा. अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात.

आणि लेकरू "दुखतंय" म्हणालं, तर "नाटक करू नकोस" म्हणू नका. मी एकदा म्हणून बसले होते. तिच्या दुखण्यापेक्षा तेच तिला जास्त लागलं होतं.