साधना राहू द्या, दावा तपासा

सांगलीच्या विश्रामबागेत 1919 साली सुरू झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयाशी दोन नावे जोडलेली आहेत. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक रा. द. रानडे, म्हणजे निंबाळचे गुरुदेव, तिथे काही काळ शिकवत होते. काही दशकांनी साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर तिथे विद्यार्थी होते. पुढे मिरजेला वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. एकाने आयुष्यभर नाम घेतले. दुसरा बुवाबाजीच्या मागे हात धुऊन लागला आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्याचा खून झाला. या दोघांना आपण सहज समोरासमोर उभे करतो. पण ‘हे खरे कशावरून?’ हा प्रश्न दोघांनीही टाळला नाही, आणि साधना व संशय एकत्र नांदू शकतात का, याचे उत्तर तिथूनच शोधावे लागते.

रानड्यांनी 1901 मध्ये, शाळकरी वयात, जत तालुक्यातील उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतले. तरीही महाराष्ट्रातील संतांवरच्या 1933 च्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी साक्षात्कार तपासायचा कसा, हा प्रश्न उघडपणे घेतला. निरनिराळ्या काळांतल्या आणि देशांतल्या साधकांचे अनुभव जुळतात का, त्या माणसाची बुद्धी तल्लख राहते का, त्याची नीती उंचावते का, अशा कसोट्या त्यांनी लावल्या. पहिली कसोटी मला लंगडी वाटते. सर्वांना सारखाच प्रकाश दिसतो आणि सारखाच नाद ऐकू येतो, याचे कारण सर्वांचा मेंदू एकाच घडणीचा आहे, असेही म्हणता येईल. त्यातून देव सिद्ध होत नाही. नीतीची कसोटी मात्र भक्कम आहे, कारण ती डोळे मिटून बसलेल्याच्या हातात राहत नाही. तो घरच्यांशी कसा वागतो, पैशाच्या व्यवहारात कसा आहे, हे शेजाऱ्यालाही दिसते.

साधना ही स्वतःवर करायची गोष्ट. दावा मात्र जगाबद्दल असतो, म्हणून तो जगाच्या पद्धतीने तपासलाच पाहिजे. दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेने रुग्ण लवकर बरा होतो का, हे अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांवर तपासले गेले. 2006 मध्ये निष्कर्ष आले: काही फायदा नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच आढळली. ध्यानाचे तसे नाही. 2014 मध्ये 47 चाचण्या एकत्र तपासल्यावर चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम स्वरूपाचा उपयोग दिसला. इतर बऱ्याच दाव्यांना मात्र पुरेसा आधार मिळाला नाही. म्हणजे सकाळी अर्धा तास शांत बसणाऱ्याला विज्ञान हसत नाही. त्या अर्ध्या तासाने मधुमेह जातो असे कोणी सांगू लागला की पुरावा मागायचा, एवढेच.

शिराळ्याची नागपंचमी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सांगली जिल्ह्यातील या गावात पूर्वी जिवंत नाग पकडून त्यांची पूजा होई, मिरवणूक निघे. साप दूध पिणारा प्राणी नाही आणि पकडापकडीत त्याचे हालच होतात; शिवाय 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा होताच. उच्च न्यायालयाच्या निर्बंधांनंतर प्रतिमेची पूजा होऊ लागली. गावात नाराजी राहिली, पण सण बुडाला नाही. दाभोलकरांच्या खुनानंतर आधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याची आखणीही अशीच आहे. यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना तो हात लावत नाही, तसे त्यात स्पष्ट लिहिले आहे. साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणे, नुसत्या बोटांनी शस्त्रक्रिया करतो म्हणणे, पोटातल्या गर्भाचे लिंग बदलून देतो म्हणणे, हे त्याच्या अनुसूचीतले गुन्हे. हा कायदा वारीवर येणार म्हणून वर्षानुवर्षे विरोध झाला. ज्यांनी ओरड केली त्यांनी मसुदा वाचला होता का, अशी शंका येते.

दोन्ही बाजूंचे आक्षेप मात्र ऐकायला हवेत. भाविक म्हणेल, शंका घेतली की निष्ठा पातळ होते. होईलही, पण जी निष्ठा एका प्रश्नाने ढासळते, ती साधनेवर होती की चमत्काराच्या आशेवर, हेही पाहावे लागेल. विवेकवाद्याचा आक्षेप अधिक टोकदार आहे. सौम्य श्रद्धेच्या मातीतच भोंदूगिरी उगवते. आज निमूटपणे माळ ओढणारा उद्या अडचणीत सापडला की अंगाऱ्याकडे वळतो, मग रेषा कुठे ओढायची? या आक्षेपात तथ्य आहे. पण अडचणीतल्या माणसाला बाबाच्या दारात नेण्यात श्रद्धेइतकाच महागड्या उपचारांचा आणि लांबच्या दवाखान्याचा हात असतो, त्यामुळे माळ काढून घेतल्याने तो तिकडे जायचा थांबेल असे वाटत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. कायदा फसवणूक पकडतो; स्वखुशीने आपली बुद्धी गुरूच्या हवाली करणाऱ्या सज्ञान माणसाला तो अडवू शकत नाही. तिथे रानड्यांची नीतीची कसोटीच उरते, आणि ती गुरूला लावायची तर शिष्यानेच लावायला हवी. नेमके हेच काम आपल्याकडच्या बहुतेक मठांत उद्धटपणा समजले जाते.